शिल्लक रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे



“काका, या कागदावर यांनी सही करायची की नाही, एवढंच सांगा.”

२०२४ च्या जून महिन्यातला दुसरा रविवार होता. वस्तीतल्या वाचनालयात मी सकाळचा पेपर चाळत बसलो होतो. एक ताई समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, मागे त्यांचे यजमान. यजमान कमरेला पट्टा बांधून अवघडल्यासारखे उभे होते. मी खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. बसले की उठताना त्रास होतो म्हणाले.

एका इंजिनिअरिंग कारखान्यात त्यांची १९ वर्षे गेली. लोखंडी माल उचलून यंत्रावर चढवायचा, उतरवायचा. कमरेच्या मणक्याने दगा दिला. डॉक्टरांनी बजावले की यापुढे वजन उचललेत तर पाय कायमचे जातील. कारखान्यात हलके काम मागितले, ते मिळाले नाही. शेवटी ३१ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला.

पिशवीतून ताईंनी कागद काढला. इंग्रजीत होता. वर मथळा ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’. खाली आकड्यांच्या ओळी. त्यातली एक ओळ अशी: रजा १२ दिवस, रुपये ८,६४०. आणि सर्वांत खाली, सहीच्या जागेवर, बारीक अक्षरात लिहिलेले: माझे सर्व येणे मला मिळाले, कंपनीकडे माझे आता काहीही बाकी नाही.

“टाइम ऑफिसात काय म्हणाले?” मी विचारले.

यजमान म्हणाले, “राजीनामा देणाऱ्याला एवढीच रजा मिळते. बाकीची लॅप्स झाली. सही केली तर आज चेक, नाहीतर बसा घरी.”

“मग केली का नाही सही?”

त्यांनी बायकोकडे बघितले. ताई म्हणाल्या, “हे करणारच होते. मी गेटवर उभी होते, आत निरोप पाठवला की कागद घरी आणा. मी सातवी शिकले काका, मला इंग्रजी येत नाही. पण जे वाचता येत नाही त्यावर सही करू नये, एवढं कळतं.”

वाचकहो, सातवी शिकलेल्या या भगिनीला जे कळले, ते भल्याभल्या पदवीधरांना कळत नाही. म्हणून आजचा विषय हा. नोकरी सोडताना, नोकरी सुटताना किंवा निवृत्त होताना आपली जी रजा शिल्लक असते, तिचे काय होते? तिचे पैसे मिळतात का? कोणाला, किती, आणि कधी?

पिशवीतला हिशेब

मी ताईंना विचारले, “आणखी काही कागद आहेत का?” त्यांनी पिशवी टेबलावर पालथी केली. पगाराच्या पावत्या होत्या, रजेचे कार्ड होते, आणि एक घडी घातलेला अर्ज होता. नोव्हेंबर २०२३ मधला अर्ज. मुलीच्या लग्नासाठी ८ दिवसांची पगारी रजा मागितलेली, लग्नाच्या महिनाभर आधी. त्यावर सुपरवायझरचा शेरा: ‘काम जास्त आहे, रजा देता येत नाही.’ खाली सही आणि तारीख.

“लग्नाला रजा नव्हती?”

“रविवारी लग्न लागलं,” यजमान म्हणाले, “सोमवारी पहिल्या पाळीला मी मशीनवर होतो.”

मग आम्ही तिघांनी बसून हिशेब मांडला. तुम्हीही तो नीट वाचा, कारण तो तुमच्या घरातही लागेल.

त्या वेळी कारखान्यांना १९४८ चा कारखाना कायदा लागू होता. त्याच्या कलम ७९ प्रमाणे, ज्या कामगाराने कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केले त्याला पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा मिळे. न वापरलेली रजा पुढच्या वर्षात जाई, पण जास्तीत जास्त ३० दिवस. हीच ती ‘लॅप्स’ची मर्यादा. टाइम ऑफिसवाले ही एक ओळ सांगतात आणि तिच्या पुढच्या दोन ओळी गिळतात.

पहिली गिळलेली ओळ: कामगाराने नियमाप्रमाणे, निदान १५ दिवस आधी, लेखी अर्ज करून रजा मागितली आणि ती त्याला हक्क असूनही नाकारली, तर ती नाकारलेली रजा कुठल्याही मर्यादेशिवाय पुढे जाते. तिला ३० दिवसांचे कुंपण नाही.

दुसरी गिळलेली ओळ: कामगाराने नोकरी सोडली, त्याला कामावरून कमी केले, अगदी बडतर्फ केले, तो निवृत्त झाला किंवा मरण पावला, तरी शिल्लक रजेचा पगार त्याला किंवा त्याच्या वारसाला द्यावाच लागतो. त्या चालू वर्षात २४० दिवस भरलेले नसले, तरी जितके दिवस काम केले तितक्या दिवसांच्या प्रमाणात रजा धरावी लागते.

आता आकडे बघा. कार्डावर मागून आलेली रजा ३० दिवस. लग्नाची नाकारलेली रजा ८ दिवस. जानेवारी ते मे २०२४ मध्ये कामाचे दिवस भरले १२०, त्याची रजा ६ दिवस. एकूण ४४ दिवस. पगाराचा दर काढायचा तो शेवटच्या महिन्यातल्या पूर्ण कामाच्या दिवसांच्या सरासरीवरून. त्यात महागाई भत्ता धरायचा. ओव्हरटाइम आणि बोनस धरायचा नाही. मे महिन्यात २६ दिवस काम, कमाई १८,७२० रुपये. म्हणजे दिवसाला ७२० रुपये. ४४ गुणिले ७२० म्हणजे ३१,६८० रुपये.

कागदावर होते ८,६४०. फरक २३,०४० रुपयांचा.

ताई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बचत गटाचं लग्नाचं कर्ज एवढंच राहिलंय.”

माझी लाल शाई

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा हिशेब मला इतक्या झटपट कसा आला? कारण मी स्वतः बावीस वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. ताईंच्या हातात होता तसला कागद मी शेकड्यांनी टाइप केला आहे. कामगार समोर आला की सहीच्या जागी बोट ठेवून मी म्हणत असे, “इथं कर.”

१९९६ साली आमच्याकडचा एक हेल्पर वयोमानाने घरी निघाला. मराठवाड्यातून आलेला, आपल्याच समाजातला, मला नावाने नव्हे तर ‘साहेब’ म्हणून हाक मारणारा. त्याच्या कार्डावर पुष्कळ रजा शिल्लक होती. मॅनेजरने सांगितले, कार्ड बंद कर. मी लाल शाईने त्यावर ‘लॅप्स’ असे लिहिले. त्याने अंगठा उठवला. अंगठ्याची शाई पुसायला मीच त्याला कागदाचा तुकडा दिला. जाताना तो मला जयभीम घालून गेला.

कायदा मला तेव्हाही ठाऊक होता. कलमाचा आकडासुद्धा पाठ होता. माझी नोकरी जाईल या भीतीने मी गप्प बसलो. पुढे मी त्याच्या गावी चौकशी केली, तेव्हा तो राहिला नव्हता. ते पैसे आता कोणाला देता येत नाहीत. शिकलेल्या माणसाने गप्प बसण्याची किंमत कधी त्याला स्वतःला पडत नाही, ती दुसऱ्याच्या ताटातून वजा होते. हे सदर मी चालवतो त्यामागे त्या लाल शाईचा वाटा आहे.

पगारी रजा आली कुठून?

आपल्याला वाटते की रजा ही कारखानदाराने दिलेली सवलत आहे. तसे नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा करार १९३६ साली केला. आपल्या देशात मात्र कायम चालणाऱ्या कारखान्यांतल्या कामगाराला कायद्याने पगारी सुट्टी मिळाली ती १९४५ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने. वर्षभर नोकरी झालेल्या प्रौढ कामगाराला १० दिवस आणि बालकामगाराला १४ दिवस. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते कोणाकडे होते? १९४२ ते १९४६ या काळात ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्तीही त्याच काळातली. त्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला आणि पगारी रजेचा हक्क आणखी विस्तारला.

म्हणून रजेचे कार्ड हातात घेताना हे लक्षात असू द्या. त्या कार्डावरचा एकेक दिवस वीस दिवस घाम गाळून कमावलेला आहे. ‘अर्जित रजा’ हा शब्दच बघा. अर्जित म्हणजे कमावलेली. कमावलेली वस्तू कोणी बक्षीस देत नसतो.

आज कायदा काय आहे?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. जुना कारखाना कायदा आता सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत सामावला गेला आहे. ज्यांची नोकरी त्या तारखेआधी सुटली त्यांचा हक्क जुन्या कायद्याने ठरतो. त्यानंतर सुटली असेल तर नवी संहिता बघायची. रजेच्या बाबतीत नव्या संहितेतले मुद्दे असे आहेत.

दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस हे प्रमाण कायम आहे. मात्र वर्षात २४० ऐवजी १८० दिवस काम केले तरी रजेचा हक्क मिळतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील कामगारांना ही तरतूद लागू आहे.

३० दिवसांपर्यंत रजा पुढच्या वर्षात नेता येते. वर्षअखेरीस कामगाराने मागणी केली तर रजेचे पैसे घेता येतात, आणि ३० दिवसांवरची रजासुद्धा पैशात बदलून घेता येते. म्हणजे ‘लॅप्स’ हा शब्द आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. पण मागणी आपण करायची आहे, हे विसरू नका.

नोकरी सोडली, कामावरून कमी केले किंवा बडतर्फ केले, तर शिल्लक रजेचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यायचा आहे. निवृत्ती किंवा मृत्यू झाल्यास दोन महिन्यांच्या आत. ही मुदत जुन्या कायद्यातही हीच होती. ‘तीन महिन्यांनी या’, ‘हेड ऑफिसहून मंजुरी यायची आहे’ या सबबींना कायद्यात जागा नाही.

भगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. बाळंतपणाच्या रजेचे दिवस, २६ आठवड्यांपर्यंत, हे १८० दिवस भरले की नाही ते मोजताना कामाचे दिवस म्हणून धरले जातात. त्या दिवसांवर नवी रजा जमा होत नाही, पण त्यांच्यामुळे हक्क तुटतही नाही. ‘तू सहा महिने घरी होतीस, तुझी रजा कसली’ असे कोणी म्हणाले तर हे सांगा.

दुकान, ऑफिस, सरकारी नोकरी, ठेकेदारी

आपली मुले-मुली आज मॉलमध्ये, कुरिअरच्या गोदामात, दवाखान्यात, खासगी ऑफिसात कामाला आहेत. महाराष्ट्रात अशा आस्थापनांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. तो जिथे लागू आहे तिथे वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते. ती वर्ष संपले की संपते, तिचे पैसे मिळत नाहीत. पण २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस अर्जित रजा मिळते, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पैशाचा हक्क आहे तो या अर्जित रजेचा. नैमित्तिक आणि अर्जित यांची गल्लत करून पुष्कळ जण फसतात. कधी मालक गल्लत करतो, कधी आपण स्वतः.

सरकारी नोकरांची अर्जित रजा सेवापुस्तकात नोंदलेली असते. निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांचे रोखीकरण मिळते. केंद्र सरकारच्या नियमांत, कर्मचाऱ्याने राजीनामा दिला तर शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्या दिवसांचे, जास्तीत जास्त १५० दिवसांचे पैसे मिळतात. सेवेत असताना मृत्यू झाला तर ही रक्कम कुटुंबाला मिळते. निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की सेवापुस्तकातल्या रजेच्या नोंदी एकदा स्वतः तपासून घ्या. निवृत्तीनंतर जुन्या कार्यालयात हेलपाटे घालण्यापेक्षा हे बरे.

आता ठेकेदारीचे बघू. सफाई, सुरक्षा, माल चढवणे-उतरवणे या कामांत आपले लोक मोठ्या संख्येने आहेत, आणि तिथेच रजेचे पैसे सर्वांत जास्त बुडतात. ठेकेदार दरवर्षी बदलतो, माणूस तोच झाडू घेऊन तिथेच राहतो, आणि दर वेळी त्याचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. बांधवांनो, ठेकेदार बदलला म्हणजे जुन्या ठेकेदाराकडची तुमची नोकरी संपली. त्याच क्षणी त्याच्याकडच्या शिल्लक रजेचे पैसे मागायचे असतात. ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या जागेत आपण काम करतो त्याच्यावर, कायद्याने टाकलेली आहे. म्हणून अर्जाची एक प्रत ठेकेदाराला आणि एक मूळ मालकाला द्या.

घरकाम करणाऱ्या भगिनींची स्थिती मात्र वेगळी आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, पण तो कल्याणाच्या योजनांपुरता आहे. शिल्लक रजेच्या पैशाचा हक्क त्यांना त्यातून मिळत नाही. कामाला लागतानाच महिन्याच्या सुट्ट्या किती, आणि काम सुटले तर काय, हे बोलून घेतले पाहिजे. जमल्यास वहीत लिहून घेतले पाहिजे.

कोर्ट काय म्हणते?

कोणी म्हणेल, हे सगळे कागदावर ठीक आहे. तर ऐका. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एका ग्रामीण बँकेच्या, राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रकरण आले. बँकेने त्यांच्या रजेचे पैसे नाकारले होते. न्यायालयाने सांगितले की रजेचे रोखीकरण हे पगारासारखेच आहे आणि पगार ही मालमत्ता आहे. कायद्याचा आधार नसताना ते हिरावून घेणे म्हणजे संविधानाच्या कलम ३००-अ चा भंग. त्याआधी २०१३ साली झारखंडमधल्या एका सेवानिवृत्त कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही असेच म्हटले होते: निवृत्तीची देणी ही सरकारने वाटलेली खिरापत नव्हे, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, आणि नुसत्या प्रशासकीय आदेशाने ती अडवता येत नाही.

मग आपण काय करायचे?

पहिले, रजा लेखी मागा. तोंडी मागितलेली रजा आणि तोंडी मिळालेला नकार यांना पुरावा नसतो. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. मोबाइलवर अर्जाचा फोटो काढून ठेवायला पैसे पडत नाहीत.

दुसरे, पगाराच्या पावत्या, रजेचे कार्ड आणि नेमणुकीचे पत्र एका पिशवीत ठेवा. ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही ठाऊक असू द्या. पुष्कळ घरांत नवरा अचानक जातो आणि त्याची कुठली रक्कम कुठे आहे हे बायकोला माहीत नसते. वारसाचे नाव नोंदवले आहे का, तेही आजच विचारून घ्या.

तिसरे, राजीनाम्याच्या पत्रातच एक वाक्य लिहा: ‘माझ्या शिल्लक रजेच्या दिवसांचा लेखी हिशेब व त्यांचे पैसे मुदतीत द्यावेत.’

चौथे, नोटिशीचा घोळ समजून घ्या. ‘तू नोटीस पूर्ण भरली नाहीस, म्हणून तुझी रजा त्यात वळती केली’, असे सांगितले जाते. कंपनीने तुम्हाला कामावरून कमी केले असेल, तर जुन्या कारखाना कायद्यात स्पष्ट लिहिले होते की शिल्लक रजेचे दिवस नोटिशीच्या मुदतीत मोजायचे नाहीत. तुम्ही स्वतः राजीनामा दिला असेल तर नेमणुकीच्या पत्रातली नोटिशीची अट वाचा आणि शक्यतो नोटीस पूर्ण भरा. बोट दाखवायला जागाच ठेवू नका.

पाचवे, न वाचता सही नको. पैशाची निकड असेल आणि चेक घेणे भागच असेल, तर सहीच्या वर आपल्या हाताने मराठीत लिहा: ‘हा हिशेब मला मान्य नाही. बाकी रकमेचा हक्क राखून ही रक्कम स्वीकारली.’ तारीख घाला आणि कागदाचा फोटो घ्या.

सहावे, दाद मागा. आधी कंपनीला लेखी अर्ज. उत्तर आले नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार. युनियन असेल तर तिला सोबत घ्या. नव्या वेतन संहितेत थकलेल्या वेतनाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, आणि देणे दिले की नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकला आहे. तरीही थांबू नका. कागद जुने होतात, साक्षीदार गावी जातात.

आयकराबद्दल एक शब्द. खासगी नोकरदाराला नोकरी सोडताना मिळणाऱ्या रजेच्या पैशावर ठरावीक हिशेबाने करमाफी आहे. तिची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून ३ लाखांवरून २५ लाख रुपये झाली. आपल्यापैकी बहुतेकांचा पैसा त्या मर्यादेच्या कितीतरी आत असतो. ‘कर कापला म्हणून कमी दिले’ असे सांगितले तर कापल्याचा कागद मागा.

पुढे काय झाले?

त्या रविवारी आम्ही अर्ज लिहिला. भाषा साधी ठेवली. शिवीगाळ नाही, विनवणी नाही. तीन ओळींत तीन आकडे: मागची रजा ३०, नाकारलेली रजा ८, चालू वर्षाची ६. सोबत रजेच्या कार्डाची आणि लग्नाच्या अर्जाची झेरॉक्स. सोमवारी यजमानांनी ‘मान्य नाही’ असे लिहून ८,६४० रुपयांचा चेक घेतला. उरलेल्या रकमेचा अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला.

महिनाभर उत्तर नाही. मग कामगार कार्यालयात तक्रार दिली. पहिल्या तारखेला कंपनीचा माणूस आलाच नाही. दुसऱ्या तारखेला आला, त्याने लग्नाच्या अर्जावरची सुपरवायझरची सही बघितली आणि ‘बघून सांगतो’ म्हणाला. तिसऱ्या तारखेची वेळच आली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये २३,०४० रुपयांचा चेक घरी आला.

मालकाला एकाएकी पाझर फुटला नाही. मुलीच्या लग्नाच्या धांदलीतसुद्धा या माणसाने रजेचा अर्ज लेखी दिला आणि नकार लेखी घेतला. आणि त्याच्या बायकोने तो कागद बारा ठिकाणी न टाकता जपून ठेवला. त्या एका कागदाने काम केले.

चेक वटल्यावर ताई पेढे घेऊन आल्या. मी म्हटले, “पेढे कशाला? तुमचेच पैसे तुम्हाला मिळाले.”

त्या म्हणाल्या, “पैशाचे नाहीत काका. हे म्हणाले, लग्नाला मला रजा मिळाली नाही ती आत्ता मिळाली.”

मी पेढा घेतला. घेताना मला तो अंगठा आठवला.

वाचकहो, तुमच्या शेजारीपाजारी कोणी नोकरी सोडत असेल, निवृत्त होत असेल, तर त्याला एवढाच प्रश्न विचारा: “रजा किती शिल्लक आहे, आणि कागद घरी आणून वाचलास का?” शिकलेल्यांनी या कामासाठी आठवड्यातला एक तास काढावा. विशेषतः जे टाइम ऑफिसात, हिशेबाच्या टेबलावर, कागद पुढे सरकवण्याच्या जागी बसले आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या पेनातली शाई कोणाच्या ताटावर उतरते आहे, ते बघत जा.

पुढच्या आठवड्यात ग्रॅच्युइटीविषयी बोलू. तोवर घरातली कागदांची पिशवी एकदा उघडून ठेवा.

जयभीम.